स्वस्तातली बेस गिटार: रंग, वायरिंग आणि कोकणातली हवा

काजूबोंडू

मुक्काम मालवण तालुका. चार तारांची स्वस्तातली बेस आहे, पी धाटणीची (फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेससारखी). ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन तुकड्यांचं एक पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबकी वेटोळं), एक व्हॉल्यूम, एक टोन. बॉडी बहुधा पॉपलरची, वर जाड काळा चकचकीत रंग आणि खालच्या कडेला दोन टवके. ब्रिजच्या स्क्रूंना गंज आहे. टोन फिरवला की खरखर येते. १२व्या फ्रेटवर ई तार जवळजवळ ४ मिमी वर आहे.

डोक्यात असं आहे की रंग पूर्ण काढून लाकूड दिसेल असं पॉलिश करायचं आणि चांगलं पिकअप टाकायचं. सुरुवात कुठून करू? पाऊस सुरू झालाय, घरातच आहे, वेळ आहे. सुतारकामाची हत्यारं आणि सोल्डरिंग आयर्न घरात आहे, पण गिटारवर कधी हात चालवलेला नाही.

कातळ

पिकअप राहू दे बाजूला. ४ मिमी ॲक्शनवर (फ्रेटपासून तारेची उंची) जगातलं कुठलंही पिकअप लावलंत तरी बेस वाजवायला जडच लागणार. आधी सेटअप. त्याला नव्या तारांखेरीज फारसा खर्च नाही आणि पावसाळ्यातही होतो.

क्रम मोडू नका. नव्या तारा आधी: ४५-६५-८५-१०५, निकेल राऊंडवाउंड, लाँग स्केल. सुरात लावून एक रात्र तशीच ठेवा. मग नेकचा बाक बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि ८व्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतची फट मोजायची. ०.३ ते ०.४ मिमी हवी. मोजायला फीलर गेज लागतं. गिटारवाल्यांचं महागडं घेऊ नका. बाइकचा मेकॅनिक टॅपेट लावायला जे वापरतो तेच, तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा. मग परत सुरात आणा, तासभर थांबा, परत मोजा. ॲलन की बहुतेक स्वस्त बेसना ४ किंवा ५ मिमीची लागते. सैल बसणारी की वापरलीत तर रॉडच्या नटाचे कोपरे गोल होतात, आणि ते दुरुस्त करणं नवशिक्याचं काम नाही. रॉड अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका.

बाक बसला की मगच सॅडल (ब्रिजवरचे तार टेकायचे ठोकळे). १२व्या फ्रेटवर ई २.५ मिमी, जी २ मिमी, मधल्या दोन त्यामधोमध. सॅडल तळाला टेकलं तरी तार उंचच राहिली तर नेक उघडून खाचेत, ब्रिजकडच्या कडेला, व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी टाका. नेक किंचित मागे कलते आणि तार खाली येते.

नट (हेडस्टॉकजवळची, तारा टेकायची खाचांची पट्टी) सगळे विसरतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. जेमतेम उजेड दिसला पाहिजे. स्वस्त बेसवर तिथे बहुधा अर्धा मिमी असतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात आणि बोटं दुखतात. खाच बारीक गोल कानशीने, हेडस्टॉककडे उतार ठेवून, तारेच्या जाडीइतकीच रुंद ठेवून खोल करायची. चार घाव, मग तार बसवून बघा, परत चार. जास्त खोल गेलं तर खाण्याचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाका, दगड होतो. मग परत कानस.

शेवटी इंटोनेशन (नेकभर स्वर सुरात लागणं). १२व्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून येणारा स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवायचे. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे.

एक कोकणापुरतं: पावसाळ्यात नेक हलते. कुठल्या बाजूला, ते त्या त्या लाकडावर. आत्ता लावलेला बाक नोव्हेंबरात परत मोजावा लागेल.

सोल्डरभाऊ

कातळ यांना +१. वायरिंगचं लिहितो.

खरखर म्हणजे पॉट (कळीखालचा पोटेन्शिओमीटर) मेलं असं नाही. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉटच्या पायांवर जी फट असते तिथून एक फवारा, मग कळ तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका. आत तेलाचा थर राहतो, त्यावर खारट ओल बसते आणि खरखर परत येते.

तरी गेली नाही तर पॉट बदला. पी बेसला २५० के दोन. स्वस्त बेसमध्ये १६ मिमीचे छोटे पॉट असतात आणि त्यांचं भोकही लहान असतं. मोठे अमेरिकन मापाचे पॉट मागवलेत तर मान साडेनऊ मिमीची, पिकगार्डचं भोक रुंद करावं लागेल. नवशिक्याने १६ मिमीच घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला २५० के नसतील तर २२० के घ्या, चालतात. पॉटच्या ओहममध्ये २० टक्के इकडेतिकडे असतंच. टोनला ए टेपर (लॉग) हवा. बी (लिनिअर) लावलंत तर अर्धी कळ फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि शेवटच्या टप्प्यात एकदम आवाज बुजतो. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, साधा पॉलिएस्टरचा, ज्यावर ४७३ छापलेलं असतं. तेलाचे, मेणाचे, सोन्याच्या भावाचे कपॅसिटर विकणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे व्हा.

सोल्डरिंगची खरी अडचण पॉटच्या पाठीवर येते. २५ वॅटचं आयर्न तिथे पुरत नाही, आणि आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा तर नाहीच. सोल्डर गोळा होऊन नुसतं वर बसतं, आतून धरत नाही. तो सांधा आज वाजतो, गणपतीत तुटतो. ४० ते ६० वॅट घ्या, पाठ पॉलिश पेपरने घासा, आधी पाठीवर सोल्डरचा पातळ थर चढवा, मग वायर. ६०/४० सोल्डर, १ मिमी, रोझिनवालं. तीन-चार सेकंदांत सांधा झाला पाहिजे. जास्त वेळ धरलंत तर आतली कार्बनची पट्टी जळते.

आता घूं आवाज. तारांना हात लावल्यावर कमी होतो का? मग ग्राउंड ठीक आहे, बाहेरचा गोंगाट येतोय, शील्डिंगने (आतले खळगे तांब्याच्या टेपने मढवून) फरक पडेल. हात लावल्यावर वाढतो का? मग ब्रिजखालची ग्राउंड वायर तुटली किंवा गंजली आहे, नाहीतर जॅकवर गरम (सिग्नलची) आणि थंड (ग्राउंडची) वायर उलटी आहे. समुद्राजवळ नव्वद टक्के वेळा ब्रिजखालची वायरच निघते. मल्टिमीटरची एक टोचणी ब्रिजवर, दुसरी जॅकच्या बाहेरच्या पत्र्यावर. एक ओहमच्या आसपास हवं. आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बेसला दोष देऊ नका, घराचं अर्थिंग बघून घ्या. कातळावरच्या घरात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. तोवर ॲम्प लावू नका.

पी बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांचं पिकअप आहे आणि ते हा घूं आवाज मुळातच कापतं. त्यामुळे तांब्याच्या टेपवर फार खर्च करू नका. करायचंच असेल तर गोंदसुद्धा वीजवाहक असलेली टेप घ्या, ५० मिमी रुंद, दोन मीटर पुरते. साध्या गोंदाची घेतलीत तर प्रत्येक पट्टी वेगळी बेट बनते. सांध्यावर सोल्डरचे टिपके द्यावे लागतात.

काजूबोंडू

सेटअप आणि पॉट आत्ता, कळलं. पण रंग? हीट गन मिळतेय, तिने काढू का?

खारावारा

काढता येतो. पण काढू नका.

तुमच्या बेसवर पॉलिएस्टर आहे. रंग काढायचं लिक्विड त्याला हात लावत नाही, वरवर सुरकुतवतं इतकंच. हीट गनने निघतो, पण त्याखाली सीलरचा काचेसारखा थर असतो. तो निघता निघता पॉपलर करपतं किंवा कडेने खड्डे पडतात. आणि एवढं करून आत काय निघेल? कंपनीने काळा रंग उगाच दिलेला नसतो. चार-पाच तुकडे जोडलेले, कुठे हिरवट, कुठे तपकिरी, मधे पुट्टी. लाकूड दिसावं अशी बॉडी कंपनी काळ्याखाली लपवत नाही. सांध्याला फेविकॉलच्या जातीचा गोंद असतो, गरम झाला की मऊ होतो.

त्या पॉलिएस्टरचाच पाया करा. त्याहून चांगला, सपाट, न शोषणारा पाया तुम्हाला हाताने जमणार नाही. टवक्यांत दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरा, पूर्ण वाळली की ठोकळ्यावर ३२० चा पेपर गुंडाळून सपाट करा. मग सगळी बॉडी ४०० ने मंद होईपर्यंत घासा. चकाकणारा एकही ठिपका राहिला तर रंग तिथूनच सुटणार. शिंगांच्या आतल्या वळणात तो हमखास राहतो. टॉर्च तिरपा धरून बघा.

आणि रंग आत्ता नाही. पावसात हवेत ८५ टक्क्यांच्या वर ओल असते. लॅकरचा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरने थोडं वाचतं, जुलैत ते पुरत नाही. खोलीत हीटर लावून करायच्या कल्पना सोडा, थिनरची वाफ पेट घेते.

वायंगणी

पावसात स्प्रे मारशीत तर सगळो पांढरो पडतलो. दिवाळी होवंदे, मगे काय ता कर.

काजूबोंडू

बरं, दिवाळीनंतर. दरम्यान घरात चपडी (लाखेची) आहे, बेलतेल (जवसाचं) आहे, आणि शेजारी काजूच्या टरफलाचं तेल देतो म्हणाले, होड्यांना लावतात ते. लाकडी दिसण्याचा मोह सुटत नाहीये. यातलं काही?

रंधापटाशी

तिन्ही ऐका, म्हणजे मोह सुटेल.

टरफलाचं तेल अजिबात नको. कच्च्या तेलाने कातडीवर फोड येतात. होडीच्या तळाला ते ठीक आहे, मनगट टेकवायच्या जागी नाही. शिवाय महिनोन्महिने चिकट राहतं.

बेलतेल उघड्या लाकडावर छान दिसतं, पण तुमच्याकडे उघडं लाकूड नाही. आणि आपल्या पावसात जवसाच्या तेलावर बुरशी धरते, कपाटामागच्या फळ्या बघा. वापरलंच कधी, तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

चपडी हा उत्तम सीलर, पण शेवटचा थर म्हणून नाही. घाम आणि ओल लागली की पांढरे डाग पडतात. बाजारातल्या चपडीत मेण असतं, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) धरत नाही. मेण काढलेली मिळाली तरच तिच्यावर काही मारा. सावंतवाडीच्या लाखकामाची चकाकी बघून कुणाला वाटेल की बेसवरही होईल, तर ते काम लेथवर फिरत्या लाकडावर, घर्षणाच्या उष्णतेने होतं. सपाट बॉडीवर ती रीत चालत नाही.

रंगीत करा. खारावारा सांगतात तेच बरोबर.

खारावारा

तर मग दिवाळीनंतरचं.

सामान: प्रायमर ४०० मिलीचा एक डबा, रंगाचे दोन, क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) तीन. तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे. घरातला ऑइल पेंट खाली आणि लॅकर वर, असं केलंत तर लॅकरचा थिनर खालचा रंग उचलतो आणि सगळं सुरकुततं. पेपर ४००, ६००, १०००, १५००, २००० चे. रबिंग कंपाउंड. मास्किंग टेप. थिनरच्या वाफेचा कार्ट्रिजवाला मास्क. कापडी मास्क इथे शोभेपुरता.

सगळं हार्डवेअर काढा. नेकच्या खाचेला पूर्ण टेप लावा. तिथे रंगाचे थर चढले तर नेक परत बसत नाही, आणि ठोकून बसवलीत तर कडेचा रंग तडकतो. खाचेतल्या बोल्टच्या भोकांना हातभर लाकडी पट्टी स्क्रूने बसवा, धरायला आणि टांगायला.

जागा: पडवी किंवा मांगर, दोन्हीकडून हवा खेळती. वेळ महत्त्वाची. हिवाळ्यात सकाळी मतलई असते, कोरडी. दंव उडालं की साधारण दहाला सुरू करा आणि दुपारी खारा वारा फिरायच्या आत आटपा. तो ओल आणतो, मीठ आणतो, आणि अंगणातली लाल धूळसुद्धा. संध्याकाळी मारलेल्या थरावर रात्री दंव बसतं.

मारण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग उघड्या हाताने शिवू नका. खोबरेल लागलेलं एक बोट पुरतं. रंग तिथून मागे सरतो आणि गोल खळगा पडतो. सिलिकॉनच्या फर्निचर पॉलिशने तर बॉडीभर.

डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, दाब एकसारखा येतो. अंतर २० ते २५ सेंमी. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं, बाहेरच सोडायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. पहिला थर नुसता धुक्यासारखा, खालचं दिसत राहिलं तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. कडा आधी, सपाट भाग नंतर. ओघळ आला तर पुसायला जाऊ नका, ठसा उमटतो. दोन दिवस वाळू द्या, ठोकळ्यावर ६०० ने ओघळ तेवढाच उतरवा. किडा बसला तरी तसंच.

प्रायमर दोन-तीन थर, एक दिवस, हलका ६००. रंग तीन-चार थर, एक दिवस, पेपर नको. क्लिअर सहा ते आठ थर, दोन-तीन दिवसांत वाटून. आणि मग टांगून ठेवा, किमान तीन-चार आठवडे. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येतोय तोवर वाळलेलं नाही. घाईने घासलंत तर आज आरसा दिसेल आणि महिन्याने पेपरचे ओरखडे परत वर येतील, कारण खालचा थर आक्रसत राहतो.

सोल्डरभाऊ

हे सगळं ठीक, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा घासलेली बॉडी हायवेवरच्या गाड्या रंगवणाऱ्याकडे द्यावी. त्याच्याकडे गन आहे, टू-के (दोन भाग मिसळून मारायचं) पीयू क्लिअर आहे. आठवड्यात काम तयार, घाम-मीठ काही लागत नाही.

खारावारा

मान्य, आणि टिकाऊपणात टू-के कितीतरी पुढे. फेंडरनेसुद्धा ५०-६० च्या दशकांत कस्टम रंग म्हणून ड्यूपाँट कंपनीचे मोटारींचेच रंग दिले, ड्युको आणि ल्युसाइट. फिएस्टा रेड तर फोर्ड थंडरबर्डचा. तेव्हा गॅरेजचा रंग म्हणजे कमअस्सल, असं अजिबात नाही.

पण गॅरेजवाल्याला तीन गोष्टी सांगा. लांबी (पुट्टी) मारायची नाही, पाया तयार आहे. नेकच्या खाचेची टेप काढायची नाही. आणि बेक करायचं नाही, सांधे सुटतील. टू-केचा डबा मात्र घरी फोडू नका. त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला कायमची इजा करतं, साधा कार्ट्रिज मास्क भरवशाचा नाही.

हाताने करायचा आनंद हवा असेल तर लॅकर. वाजवायला लवकर हवी असेल तर गॅरेज.

रंधापटाशी

वेट सँडिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. १००० पासून वर जाताना पेपर ओला लागतो, पण स्क्रूच्या भोकांत पाणी शिरलं की पॉपलर फुगतं आणि भोकाभोवतीचा रंग कड्यासारखा वर येतो. नंतर ते बसत नाही. भोकांत आधी मेण भरा. पाण्यात साबणाचा थेंब, पेपर नुसता ओलसर, आणि कडांवर हात हलका. क्लिअर पहिलं कडेलाच घासून जातं.

हार्डवेअर बसवताना प्रत्येक भोकाच्या तोंडावर मोठ्या ड्रिलची टोकं हातानेच दोन फेरे फिरवून रंगाची कड मोडून घ्या. नाहीतर स्क्रू आवळताना रंग पापडासारखा उचलतो. सैल झालेल्या भोकांत अगरबत्तीच्या बांबूच्या काड्या फेविकॉल लावून ठोकून भरा, दिवसभर वाळू द्या, मग स्क्रूच्या जाडीहून बारीक ड्रिल मारा. जुने गंजके स्क्रू परत लावू नका. एक नमुना खिशात घालून बंदरावरच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात जा, स्टेनलेसचे मिळतात. शक्यतो ३१६ मागा, मिठाला तेच जास्त पुरतात. सॅडलच्या बारीक ग्रब स्क्रूंना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या, नाहीतर पुढच्या वर्षी ॲलन की फिरणार नाही.

काजूबोंडू

नेकलाही रंग? आणि ब्रिज, ट्यूनर बदलावे का?

कातळ

नेकला रंग नको. चिकट वाटत असेल तर मागची बाजू १००० च्या पेपरने लांबीच्या दिशेने मंद करा, झालं. स्टीलवूल वापरलंत तर पिकअप झाकून ठेवा, भुगा चुंबकाला चिकटतो आणि निघत नाही. फ्रेटबोर्डला खोबरेल नको, खवट आणि चिकट होतं. मिनरल ऑइलचे चार थेंब, पुसून कोरडं.

ट्यूनर सुरात राहत असतील तर ठेवा. तारेचा सूर फिरतो बऱ्याचदा नटाच्या खाचेत अडकून, ट्यूनरमुळे नाही. बदलणार असाल तर भोकाचा व्यास मोजूनच मागवा, स्वस्त बेसवर १४ मिमीही असतो आणि १७-१८ सुद्धा. जाड ब्रिज दिसायला भारी, ऐकायला फरक थोडा. वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिजही पुरतो. पैसे उरलेच तर शेवटी पिकअप, तेही नव्या तारांवर चार महिने वाजवून झाल्यावर. तेव्हा काय कमी पडतंय ते कानाला कळलेलं असेल. पिकअपची उंची आत्ताच बघा: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, ईखाली २.८ मिमी, जीखाली २ मिमी. फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर ई बेसूर, डळमळीत लागते. कित्येकदा ‘खराब पिकअप’ एवढंच असतं.

सोल्डरभाऊ

बसवताना ब्रिजखालची ग्राउंड वायर विसरू नका. नव्या रंगाखाली ती झाकली जाते. टोक १५ मिमी सोलून, तारा पंख्यासारख्या पसरून, ब्रिजच्या पत्र्याखाली दाबा. पत्र्याची तेवढी जागा पेपरने घासून चकचकीत करा. मग परत मल्टिमीटर.

काजूबोंडू

शेवटचं: लॅकर केलं तर रोजच्या वापरात काय सांभाळायचं? स्टँडवर उभी असते.

खारावारा

स्टँडचं रबर आणि फोम नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकरला खातात. महिन्याभरात टेकल्या जागी रंग मऊ होऊन स्टँडचा ठसा उमटतो. जिथे बॉडी टेकते तिथे जाड सुती कापड गुंडाळा, मोज्याचे तुकडेसुद्धा चालतात. पट्ट्याच्या प्लास्टिकचंही तेच, बेस ठेवताना पट्टा काढून ठेवा. वाजवून झालं की तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची अर्धा किलोची थैली ठेवा, रंग बदलणारी घ्या म्हणजे कधी तापवायची ते कळतं. पिशवी भिंतीला टेकवून ठेवू नका, जांभ्याची भिंत चार महिने ओल धरते.